अंगठ्याचं दुखणं गेलं, मूठ तशीच राहिली

मावशी पहिल्यांदा आल्या त्या कुकरची तक्रार घेऊन. "वाफ जाते, पण झाकण काही निघत नाही. सून ऑफिसातनं येईपर्यंत वरण आतच राहतं बघा." मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटाने अंगठ्याच्या मुळाशी दाबून दाखवलं. "इथनं दुखतं. हात गेलेत माझे."

वय ६६. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी २८ वर्षं खानावळ चालवली होती. दोन्ही वेळच्या मिळून दिवसाला दीडशे ते दोनशे चपात्या, त्याही बहुतेक स्वतःच्या हाताने लाटलेल्या. गुडघे कुरकुरायला लागल्यावर खानावळ बंद केली आणि त्या मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्या. ११ वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-अंडी वर्ज्य. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि या प्रकरणात पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. मुख्यतः त्या चुकीमुळेच हे लिहावंसं वाटलं.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा दाबला, फिरवला, तर तिथेच कळ आली. एक्स-रेमध्येही त्या सांध्याची झीज स्पष्ट होती. २८ वर्षं लाटणं फिरवलेला हात म्हटल्यावर सगळं जुळलं. मुठीची ताकद मोजणारं यंत्र, डायनॅमोमीटर, उजव्या हातात दिलं, काटा १४ किलोवर थांबला. मी नोंद केली : "वेदनेमुळे पकड कमी." अंगठ्याला आधार देणारा पट्टा दिला, गरम मेणाचा शेक सुरू केला, झाकणं उघडायला रबरी चकती सुचवली आणि दाबायला स्पंजचा चेंडू दिला. डावा हात मोजला नाही. दुखत नव्हता, म्हणून मोजावासा वाटला नाही.

तीन आठवड्यांनी त्या आल्या त्या खुशीतच. दहापैकी सातवर असलेलं दुखणं दोनवर आलं होतं. मी पुन्हा डायनॅमोमीटर दिला. चौदाच. दुखणं एवढं उतरलं आणि पकड जागची हलली नाही, म्हणजे माझी पहिली नोंद चुकीची होती. मग डावा हात घेतला. १३, १३, १२. या हाताचा अंगठा कधीच दुखला नव्हता.

उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाची उजवी मूठ डावीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्त भरते. सांध्याच्या दुखण्याने पकड गेली असती तर उजवा हात डाव्याच्या खाली गेला असता. इथे दोन्ही हात एकाच पातळीवर खाली बसले होते. ज्या शरीराचे ते हात होते, त्या शरीराकडे मी तीन आठवडे पाहिलंच नव्हतं.

काटा काय सांगतो

मोजणी कशी होते ते आधी सांगते, कारण ती चुकली तर पुढचं सगळंच चुकतं. माणूस खुर्चीत ताठ बसतो. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ. हायड्रॉलिक डायनॅमोमीटरच्या मुठीला पाच खाचा असतात, त्यातली दुसरी बहुतेकांना चालते. मधे विसावा देत प्रत्येक हाताने तीन वेळा. आमच्याकडे बांगड्या आधी वर सरकवाव्या लागतात. आणि आवाज चढवून सांगावं लागतं : दाबा, अजून दाबा, अजून. मावशींच्या वयाच्या बायका पहिल्यांदा हातचं राखून दाबतात. "मशीन मोडंल की" हे मी कितीदा ऐकलं आहे. म्हणून पहिला आकडा मी सहसा धरत नाही, तिन्हींतला सर्वांत मोठा धरते.

वृद्धांच्या स्नायूंच्या ऱ्हासावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे स्त्रीची पकड १८ किलोपेक्षा आणि पुरुषाची २८ किलोपेक्षा कमी असेल तर ती क्षीण मानायची. युरोपीय गटाच्या रेषा १६ आणि २७ आहेत. मावशी दोन्हींच्या खाली होत्या.

आता प्रश्न असा की हाताच्या मुठीवरून सगळ्या शरीराचा अंदाज का यावा? मूठ आवळायला मेंदूकडून आलेला हुकूम मज्जारज्जूतून, मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचावा लागतो, आणि स्नायूत झटकन जोर लावणारे तंतू शिल्लक असावे लागतात. वय वाढतं तसे हेच झटके देणारे तंतू आधी बारीक होतात. त्यांना चालवणाऱ्या चेतापेशी मरतात, शेजारच्या पेशी काही तंतू दत्तक घेतात, उरलेले सुकतात. आजारपण, अंगात मुरलेली सूज, अपुरं जेवण, न हलणं या सगळ्यांचा भार याच साखळीवर पडतो. मांडीचा स्नायू खुर्चीत बसल्या बसल्या मोजणं अवघड असतं. मूठ मोजायला एक मिनिट लागतं, आणि पायांची ताकद उतरते तेव्हा बहुधा मूठही उतरलेली असते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतासह १७ देशांतल्या ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून चार वर्षं पाठपुरावा केला होता. पकड दर ५ किलोने कमी, तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. मृत्यूचा अंदाज बांधायला रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा मुठीचा आकडा सरस ठरला. होनोलुलूतल्या ६ हजारांवर पुरुषांची पकड पंचेचाळिशी ते अडुसष्टीच्या दरम्यान मोजून ठेवली होती. पंचवीस वर्षांनी पाहिलं तर मध्यमवयात जे कमकुवत होते, तेच म्हातारपणी जास्त परावलंबी झाले होते.

पण हे संबंध आहेत, कारणं नव्हेत. चेंडू दाबून मूठ घट्ट केली म्हणून हृदय सुधारत नाही. तापमापक बर्फात बुडवला तर ताप उतरत नाही, तसंच हे आहे. मावशींना तो स्पंजचा चेंडू मी दिला होता, त्यामागे विचार एवढाच उथळ होता.

पुन्हा पहिल्यापासून

दोन्ही हात कमजोर म्हटल्यावर आधी मान तपासली. मानेत मज्जारज्जू दाबला गेला तरी हात लुळे पडतात आणि ते सुटलं तर नुकसान कायमचं होतं. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडते-मिटते ते मोजलं. वीसच्या खाली आलं तर शंका घ्यायची असते. मावशींनी २२ वेळा केली. प्रतिक्षिप्त क्रिया ठीक, बोटांत मुंग्या नाहीत, अंगठ्याखालचा उंचवटा झिजलेला नाही. मधुमेहात हाताचे सांधे आखडतात, म्हणून नमस्कार करायला लावला. तळवे नीट जुळले.

मग खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितलं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई निकषाने ते मंद. त्यांना १९ लागले, आणि चौथ्या वेळी हात नकळत मांडीवर गेला. सहा मीटर चालायला ८ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.७५ मीटर. निदान १ मीटर तरी हवा. पोटरीचा घेर २९.५ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ३३च्या खाली कमी समजतात.

"मावशी, कधी पडलात का?"

"पडले नाही. न्हाणीत एकदा बसले."

'बसले' या शब्दामागे काय असतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

आता त्यांना गेलं वर्षभर सांगायला लावलं. सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात, मग घरी महिनाभर अंथरूण. पहिल्या भेटीत हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि अंगठा दुखतो म्हणून आलेल्या बाईला डेंग्यूबद्दल मीही विचारलं नव्हतं. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस झोपवून ठेवल्यावर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचं २००७ साली एका अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं. ही तर निरोगी माणसं. मावशींच्या बाबतीत ताप होता, भूक मेली होती आणि अंथरूण महिनाभराचं होतं.

वजन ५७ वरून ५१ वर आलं होतं. घरात याचं कौतुक चाललं होतं. साखर आटोक्यात, अंग हलकं, "आईने छान कमी केलं." उतारवयात न ठरवता उतरलेलं वजन हे चांगलं लक्षण नव्हे, हे मला इथे जोरात सांगायचं आहे. जाते ती केवळ चरबी नसते.

सुनेने दोन दिवसांचं खाणं लिहून आणलं, तेही फार प्रामाणिकपणे. सकाळी चहा-खारी. दुपारी एक चपाती, भाजीचा रस्सा, थोडा भात. संध्याकाळी चतकोर भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर ताक-भात. उसळ नाही, शेंगदाणे नाहीत, फुटाणे नाहीत. का? तर आजारपणात हिरड्या आटल्या आणि कवळी सैल झाली. चावायचं ते सगळं ताटातून गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मावशींनी कवळीची तक्रार केलीच नाही. हिशेब केला तर दिवसाची प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास भरली.

त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.४, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही. थायरॉईड आणि मूत्रपिंड ठीक होते. मूत्रपिंडाचं मुद्दाम पाहिलं, कारण त्यावरच प्रथिनं किती वाढवायची ते ठरणार होतं. जेवण निम्म्यावर आलेलं असताना साखरेची जुनी मात्रा धोक्याची म्हणून डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

वयापरत्वे किंवा आजाराने स्नायू आणि ताकद ओसरण्याच्या या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवला. पक्क्या निदानाला स्नायूंचं प्रमाण मोजणारं यंत्र लागतं, ते आमच्या गावात नाही. पण पकड कमी किंवा उठणं मंद एवढ्यावर 'संभाव्य सार्कोपेनिया' म्हणून उपचार सुरू करावेत अशी मुभा आशियाई निकषांनीच दिली आहे. ती मुभा तालुक्याच्या गावांसाठी फार मोलाची आहे.

आराम कुणी द्यायचा

उपचारांच्या आड आला तो मुलाचा आईवरचा जीव. "मॅडम, आईने आयुष्यभर कष्ट केले. आता वजनं उचलायला लावताय?" त्याचा राग खरा होता. त्याने प्रेमाने आईच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं. पाणी भरायला मशीन, कपडे पिळायला मशीन, चपात्यांना बाई. दिवसाला दोनशे चपात्यांवरून मावशी शून्यावर आल्या होत्या. जास्त कामाने सांधा झिजला हे खरं, आणि काम तुटल्याने स्नायू गेला हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच हातात घडलं होतं.

त्याला मी बोस्टनचा १९९०चा प्रयोग सांगितला. नव्वदीतल्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो गप्प बसला. मावशी म्हणाल्या, "मला तरडगावपर्यंत चालायचंय." माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव हा टप्पा त्या खानावळीच्या दिवसांतही एक दिवस दुकान बंद ठेवून चालत. यंदा जमणार नाही हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

व्यायाम साधे होते, पण हलके नव्हते. खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून बैठक उंच केली आणि उठ-बस सुरू केली, आठ-आठच्या तीन फेऱ्या. जसं जमेल तशी गोधडीची एकेक घडी कमी. ओट्याला धरून टाचा उचलणं, पायरीवर चढ-उतार, रबरी पट्टा ओढणं. दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन व्हरांड्यात चालणं, आधी तीन-तीन लिटर, पुढे सहा-सहा. डब्याच्या कडीला कापड गुंडाळलं, म्हणजे अंगठ्यावर ताण कमी. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे, एकदा घरी. नियम एकच : शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत. सहज जमत असेल तर स्नायूला त्याची खबरही लागत नाही.

खाण्याचं सुनेने हाती घेतलं. लक्ष्य वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे साठच्या थोडं वर. पहिल्याच आठवड्यात कवळी दुरुस्त झाली, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ, मऊ शिजवलेली मटकी, दाण्याचं कूट घातलेलं दही, सकाळच्या खारीऐवजी दुधातलं डाळ्याचं पीठ. एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटलं.

मुलाची मूठ

जानेवारीत एकदा आईची मोजणी चालली असताना मुलगा म्हणाला, "मी दाबून बघू?" वय ३९, दिवसभर संगणकावर काम. काटा ३० वर. तो हसला, मग आईच्या कागदावरची रेषा वाचली : पुरुष, २८.

२०१४ साली ब्रिटनमधल्या १२ अभ्यासांतल्या जवळजवळ ५० हजार लोकांवरून चौथ्या वर्षापासून नव्वदीपर्यंतचा पकडीचा आलेख काढला गेला. पकड विशीत चढते, पुरुषांत २९ ते ३९ आणि स्त्रियांत २६ ते ४२ या वयात शिखरावर असते, मग उतरते. शिखराचा मध्यबिंदू पुरुषांचा ५१ किलो, स्त्रियांचा ३१. तो आलेख आपल्यावर जसाच्या तसा लावता येत नाही. आपली अंगकाठीच लहान आहे. पण ज्या वयात माणूस शिखरावर असायचा, त्या वयात वृद्धांच्या रेषेपासून दोन किलोवर असणं ही स्वस्थ बसायची गोष्ट नाही. उतरण सगळ्यांनाच आहे, प्रश्न आहे तो किती उंचावरून उतरायला लागतो याचा.

ती उंची फार लवकर ठरायला लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची तुलना केली. आपली बाळं २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांची चरबी त्या मानाने टिकून होती, तुटवडा होता तो स्नायूंचा. म्हैसूरच्या अभ्यासात जन्मतः भरलेल्या मुलांची पकड नवव्या वर्षी जास्त आढळली. म्हणजे मावशींच्या मुठीचा हिशेब डेंग्यूपासून नव्हे, त्यांच्या आईच्या पोटापासून सुरू होतो.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली, तेव्हा पकडही मोजली. सर्वेक्षणात मोजतात ते तालुक्याच्या दवाखान्यात का मोजू नये, हा माझा आग्रह आहे. रक्तदाबाच्या शेजारी एक आकडा, दर वर्षी, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने. दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा माणसाची स्वतःशीच तुलना जास्त बोलते. मावशींची खानावळ बंद झाली त्या वर्षीचा आकडा असता, तर चौदापर्यंतची घसरण आम्हाला वाटेतच दिसली असती.

बारा आठवडे, सहा महिने

बारा आठवड्यांनी वजन ५२.५ झालं. पाच उठ-बशा १९ वरून साडेतेरा सेकंदांवर. सहा मीटर ६.२ सेकंदांत. पकड उजवी १६, डावी १५.

इथे मला स्वतःला आवरावं लागलं. दोन किलोची वाढ मोजणीच्या चढउतारातही बसू शकते. खरा बदल म्हणायला पाच-सहा किलो हवेत असं मानणारे अभ्यासक आहेत. खात्रीने सुधारले होते ते पाय. मूठ धोक्याची घंटा म्हणून उत्तम, पण उपचाराची प्रगती मोजायला ती सुस्त आहे. फक्त काट्याकडे पाहिलं असतं तर मावशी निराश झाल्या असत्या, आणि मीही.

सहा महिन्यांनी उजवी १७, डावी १६. अजून रेषेखालीच. उठ-बस ११.४ सेकंद, चाल सेकंदाला १ मीटरच्या वर. कुकरचं झाकण त्या स्वतः काढत होत्या.

आषाढीच्या वारीत त्या लोणंदहून निघाल्या, सोबत सून. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तिथवर पोहोचल्या आणि रिंगण उभ्याने पाहिलं. तिथून पुढे तरडगावला टेम्पोने गेल्या. ठरलं होतं त्यापेक्षा हे थोडं कमी आहे, पण पडल्या नाहीत, आणि न्हाणीत 'बसल्या'सुद्धा नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा अंगठ्याला पट्टा होता. दिंडीच्या मुक्कामावर दोन दिवस लाटायला बसल्या होत्या. "कुणी मागंना म्हणून, बाई. मीच मागून घेतलं लाटणं." अंगठ्याचं मूळ सुजलेलं. उजवा हात मोजला, १३. एवढ्यात मी काही लिहिलं नाही. डावा हात मोजला. १६, १६, १६.

"शेकायला बसा," मी म्हटलं. "या वेळी दुखणं फक्त अंगठ्याचंच आहे."